लक्षात नाही आणि लक्षात आलं नाही

खालच्या कोर्टात मराठीत झालेल्या साक्षी इंग्रजीत करून देण्याचं काम मी १९९५ पासून सत्तावीस वर्षं केलं. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, त्याची जबानी मराठीत टाइप होते. प्रकरण अपिलात गेलं की तीच पानं इंग्रजीत लागतात, कारण राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. वकिलांच्या ऑफिसातून गठ्ठा घरी यायचा, पानामागे दर ठरलेला असायचा, आणि रात्रीची जेवणं उरकली की मी स्वयंपाकघरातल्याच टेबलावर बसायचे. फिर्याद, पंचनामा, सरतपास, उलटतपास. कधी चाळीस पानं, कधी चारशे.

सुरुवातीला मला कायद्याच्या शब्दांची भीती वाटायची. ती सहा महिन्यांत गेली. मुद्देमाल, जामीन, हेतू, चिथावणी यांना ठरलेले इंग्रजी शब्द आहेत, एकदा पाठ केले की झालं. खरी दमछाक केली ती आठवणे, लक्षात येणे, वाटणे, ओळखणे या घरगुती क्रियापदांनी. साक्ष म्हणजे तरी दुसरं काय असतं? माणसाने काय पाहिलं, त्यातलं त्याच्या ध्यानात काय आलं, आज त्याला काय आठवतंय आणि त्या वेळी त्याला काय वाटलं होतं. साऱ्या उलटतपासाचा रोख या चार गोष्टींवर असतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी पाचवीपासून, घरी तर्खडकरांची पाठमाला. शाळेतल्या बाईंनी निबंधासाठी एक नियम घालून दिला होता: एकच शब्द दोनदा आला की भाषा गरीब दिसते, दुसऱ्यांदा समानार्थी शब्द घाला. तो नियम मी एम.ए. होईपर्यंत पाळला. पहिल्या कमाईतून मी रॉजेटचा थिसॉरस घेतला. पीटर मार्क रॉजेट पेशाने डॉक्टर. शब्दांची वर्गवारी करायला त्याने १८०५ मध्ये सुरुवात केली आणि पुस्तक छापून आलं १८५२ मध्ये, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. त्याने शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांच्या घरांत बसवले. स्मरणाच्या घरात गेलं की रिमेंबर, रिकॉल, रिकलेक्ट, रिमाइंड, रेमिनिस अशी सगळी भावंडं एका ओळीत उभी. मला ती श्रीमंती वाटली आणि मी ती सढळ हाताने वापरली.

एका खुनाच्या अपिलात मुख्य साक्षीदार शेतमजूर होता. उलटतपासात त्याने सहा-सात वेळा उत्तर दिलं होतं, “मला आठवत नाही.” मी एकदा ‘डू नॉट रिमेंबर’ लिहिलं, पुढे ‘कॅनॉट रिकॉल’, त्याच्यापुढे ‘हॅव नो रिकलेक्शन’. पान वाचायला छान लागत होतं. काही महिन्यांनी वकीलसाहेबांचा फोन आला. समोरच्या बाजूने युक्तिवाद केला होता की, साक्षीदार शब्द तोलून वापरतो आहे, काही गोष्टी तो विसरला आहे असं म्हणतो आणि काही आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाहीत असं म्हणतो, म्हणजे तो पढवलेला आहे. शेवटी मूळ मराठी पानं उघडून वाचावी लागली. तिथे सगळीकडे एकच वाक्य होतं. वकीलसाहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, त्याच्या तोंडी इतके शब्द कुठून आले?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका माणसाच्या जन्मठेपेच्या प्रकरणात, ज्याने आयुष्यात कधी शब्द तोलले नसतील अशा मजुराला मी धूर्त करून ठेवलं होतं, आणि तेही भाषा देखणी दिसावी म्हणून.

मग मी ती भावंडं पुन्हा एकेक करून तपासली. रिकॉल म्हणजे गेलेल्याला परत हाक मारणं. रिकलेक्ट लॅटिनमधून आलेला, विखुरलेलं पुन्हा गोळा करणं. दोन्हींत खटपट आहे. रिमेंबरमध्ये ती नसली तरी चालते, गोष्ट नुसती मनात असते. आणि हा भेद मराठीतही आहे, फक्त आपण तो सहायक क्रियापदांवर आणि प्रत्ययांवर सोपवतो. ‘आठवतं’ वेगळं, ‘आठवून पाहतो’ वेगळं, ‘आठवण झाली’ वेगळं, ‘आठवण करून दिली’ वेगळं. रात्रपाळीचा पहारेकरी “कुलूप लावल्याचं आठवतं” म्हणाला, तर लावण्याची ती कृती त्याला आज डोळ्यांसमोर दिसते आहे. “कुलूप लावायचं लक्षात राहिलं” म्हणाला, तर कुलूप त्या रात्री लागलं होतं, एवढंच त्याचं म्हणणं. इंग्रजीत हाच फरक ‘रिमेंबर लॉकिंग’ आणि ‘रिमेंबर टू लॉक’ मध्ये आहे. म्हणजे प्रत्येक मराठी रूपाला त्याचं इंग्रजी रूप होतंच, मी ते शोधत नव्हते.

थिसॉरस मी टाकून दिला नाही, पण तो उघडण्याची वेळ बदलली. शब्द बदलण्यासाठी उघडणं बंद केलं. दोन शब्दांत नेमका फरक काय, हे पाहण्यासाठी तो आजही उघडते.

दुसरी चूक याहून लहान दिसणारी आणि याहून मोठी होती. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा. संध्याकाळची वेळ, टेम्पोने सायकलवाल्याला उडवलेलं. टेम्पोचालकाच्या उलटतपासात दोन वाक्यं पाठोपाठ होती. “त्या दिवशी मी टेम्पोत किती माल भरला होता हे माझ्या लक्षात नाही. समोरच्या सायकलला दिवा होता किंवा नाही हे माझ्या लक्षात आले नाही.” पहिल्या वाक्याला मी ‘डू नॉट रिमेंबर’ लिहिलं, ते बरोबर होतं. त्याच ओघात दुसऱ्यालाही तेच लिहिलं. रात्रीचा एक वाजला होता, ही काही सबब नाही.

हे प्रकरण ज्येष्ठ वकिलांकडे होतं आणि ते मराठी मूळ स्वतः वाचणाऱ्यांपैकी होते. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि ‘आले’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. म्हणाले, “हा माणूस विसरलेला नाही, ताई. याने पाहिलंच नव्हतं.”

विसरलेल्या माणसाने त्या वेळी रस्ता नीट पाहिला असेलही. ज्याच्या लक्षातच आलं नाही, त्याची नजर रस्त्यावर नव्हती. त्या दाव्यात निष्काळजीपणा ठरणार होता तो याच एका वाक्यावर. ‘डिड नॉट नोटिस’ असं दुरुस्त करून मी ते पान पुन्हा टाइप केलं, आणि घरी येऊन ‘लक्ष’ या शब्दाला माझ्या शब्दांच्या वहीत एक पूर्ण पान दिलं. लक्ष देणे, लक्ष असणे, लक्ष ठेवणे, लक्ष जाणे, लक्षात येणे, लक्षात घेणे, लक्षात असणे, लक्षात राहणे, लक्षात ठेवणे, लक्षात आणून देणे, दुर्लक्ष करणे. आपली भाषा पाहणं आणि स्मरणं एकाच ओसरीवर बसवते. आलं ते राहिलं, राहिलं ते असतं. इंग्रजीत त्यांची घरं वेगळी: नोटिस, अटेंड, वॉच, रिअलाइज, कन्सिडर, रिमेंबर, पॉइंट आउट, इग्नोर. ‘लक्षात’ पुढे कोणतं क्रियापद आलंय, यावर घर ठरतं. तेव्हापासून मी वाक्य शेवटाकडून वाचायला लागले.

संस्कृतच्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एक गोष्ट दाखवली आणि ती मला फार आवडली. पाणिनीय धातुपाठात ‘स्मृ’ धातूचा अर्थ चिंता, म्हणजे विचार, असा दिला आहे. आणि ‘चिंत्’ धातूचा अर्थ दिला आहे स्मृती. एकाचा अर्थ विचारायला जावं तर तो दुसऱ्याच्या घरी पाठवतो. त्यांनी आणखी एक सांगितलं. पिढ्यानुपिढ्या मुलांनी पाठ केलेला अमरकोश हा नामांचा आणि त्यांच्या लिंगांचा कोश आहे, त्याचं नावच नामलिंगानुशासन. कमळाला किती नावं, पाण्याला किती, हे आपल्याकडे मुखोद्गत होतं. समानार्थी क्रियापदांची घोकंपट्टी तेवढी रुळली नाही. मला वाटतं, म्हणूनच शाळेत समानार्थी शब्द म्हटलं की आपण नामंच सांगतो, आणि क्रियापदांमधले फरक नकळत वापरतो, पण कुणी विचारलं तर सांगता येत नाहीत.

‘मला वाटतं’ हे वर सहज येऊन गेलं. या शब्दाने मला सर्वांत जास्त वेळ बसवून ठेवलं आहे. एका प्रकरणात शेजाऱ्याची साक्ष होती: “आरडाओरडा ऐकू आला. मला वाटले नवराबायकोचे भांडण आहे, म्हणून मी गेलो नाही.” मी सवयीने ‘आय फेल्ट’ लिहिलं. आपल्याकडच्या इंग्रजीत ते सर्रास चालतं. ऑफिसातल्या एका तरुण वकील मुलीने विचारलं, “मॅडम, हा त्याचा अंदाज होता, समजूत होती, की नुसतं मनात आलं?” मी उत्तर देऊ शकले नाही, कारण वाटणं हे तिन्ही असतं. पाऊस येईल असं वाटतं, भीती वाटते, जावंसं वाटतं, लाज वाटते, परकं वाटतं. इंग्रजीत यातलं प्रत्येक वेगळ्या क्रियापदाकडे जातं.

त्या वाक्यासाठी माझ्यापुढे थॉट, सपोज्ड, अझ्यूम्ड, बिलीव्ह्ड, इमॅजिन्ड इतके शब्द होते. अझ्यूम्ड अगदी चपखल वाटत होता: तो खातरजमा न करता धरून चालला. पण तो शब्द लिहिला असता, तर त्याने खातरजमा करायला हवी होती, हा ठपका मी ठेवला असता. साक्षीदाराने तसं काही म्हटलं नव्हतं. बिलीव्ह्ड लिहिलं असतं तर त्याची खात्री होती असा अर्थ झाला असता. मी ‘थॉट’ लिहिलं. या सगळ्या कुटुंबात तोच एक शब्द असा आहे की जो बोलणाऱ्यावर काही लादत नाही. प्रिझ्यूम तर साक्षीदाराच्या तोंडी कधीच घालायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या चौथ्या कलमात तो शब्द न्यायालयासाठी होता. गृहीत काय धरायचं हे न्यायालय ठरवतं, शेजारी नाही.

पंचनाम्याची अडचण वेगळीच. तिथे “दिसून आले”, “मिळून आले”, “आढळून आले”, “निदर्शनास आले” याशिवाय वाक्य संपत नाही. कोणी पाहिलं, हे कुठेच नाही. रक्ताचा डाग आपोआप दिसून येतो, चाकू आपणहून मिळून येतो. इंग्रजीत मी ‘वी नोटिस्ड’ लिहिलं तर दोन्ही पंचांनी पाहिलं असं होतं, आणि उलटतपासाचा सगळा भर बहुधा यावरच असतो की पंच बाहेर उभे होते आणि पाहिलं ते पोलिसांनी. म्हणून मी कर्मणी ठेवत गेले, ‘वॉज फाउंड’, ‘वॉज नोटिस्ड’. वाचायला रुक्ष, पण मुळात नसलेले डोळे मी कुणाला दिले नाहीत.

‘ओळखतो’ हा शब्द लहान, पण त्याच्यावर माणसं सुटतात आणि अडकतात. “आरोपी क्रमांक दोन यास मी ओळखतो.” तो आधीपासून परिचयाचा आहे, की त्या रात्री उजेडात चेहरा पाहून कळलं, की आज कोर्टात दाखवून देतो आहे? इंग्रजीत अनुक्रमे नो, रेकग्नाइज, आयडेंटिफाय. गावातलाच ओळखीचा माणूस असेल तर ओळख परेडचा प्रश्न फारसा येत नाही. अनोळखी असेल तर परेड झाली की नाही, कधी झाली, यावर सगळं उभं असतं. मी अशा वाक्याजवळ थांबायचे आणि संपूर्ण जबानी आधी वाचून काढायचे. पुढे कुठेतरी “तो आमच्या वाडीतला आहे” असं असायचं, किंवा “कोर्टासमोर हजर असलेला इसम तोच आहे” असं. मग मागे येऊन शब्द ठरवायचा. घाई असली तरी यात कधी सूट घेतली नाही.

एक पान मात्र मी विसरू शकत नाही. मुलगा गेलेल्या आईचा उलटतपास. दीडच पान होतं. बचावाच्या वकिलांनी तिला सुचवलं असणार की, दुःखाच्या भरात तू आरोपींची नावं घेते आहेस. कारण शेवटचं वाक्य असं होतं: “मला मुलाची रोज आठवण येते म्हणून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.” माझ्या हातून लिहून गेलं, ‘आय रिमेंबर माय सन एव्हरी डे’. वाचून पाहिलं आणि ते तिचं वाक्य नव्हतं. जणू ती रोज उठून मुलाला स्मरण्याचं काम करते. आठवणे आणि आठवण येणे यांत किती अंतर आहे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत दुसऱ्यासाठी ‘मिस’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं, हाती न लागणं. हात पुढे जातो आणि माणूस तिथे नसतो. मी ‘मिस’ लिहिलं, पान पुरं केलं आणि त्या दिवशी पुढचं काम केलं नाही.

त्या वाक्याने मला आणखी एक दाखवलं. मला आई आठवते, मला बाबा आठवतात, मला गाव आठवतं. क्रियापद आठवलेल्याप्रमाणे बदलतं, आठवणाऱ्याप्रमाणे नाही. आपण नुसते चतुर्थीत उभे, गोष्ट आपल्याकडे येते किंवा येत नाही. इंग्रजीत ‘आय’ कर्ता आहे, रिमेंबर ही त्याची कृती आहे. त्यामुळे “मला आठवत नाही” या वाक्यातली हतबलता इंग्रजीत उतरत नाही. ‘आय डू नॉट रिमेंबर’ वाचणाऱ्याला वाटतं की हा मनावर घेत नाही, टाळतो आहे. सत्तावीस वर्षांत मला यावर उपाय सापडला नाही. मी तेच वाक्य लिहीत आले, कारण दुसरं बरोबर वाक्य नाही.

मी कागदांवर काम करणारी, कोर्टात फारशी गेले नाही. एकदा एका नातेवाइकाच्या कामासाठी तालुक्याच्या कोर्टात दिवसभर बसावं लागलं. पिंजऱ्यात सत्तरीची बाई होती, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. वकिलांनी विचारलं, भांडण सुरू झालं तेव्हा किती वाजले होते. ती म्हणाली, “ध्यानात न्हाई बघा, सायेब.” न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, “मला आठवत नाही.” पुढचा प्रश्न, आरोपीच्या हातात काय होतं. ती म्हणाली, “माझं ध्यान न्हवतं तिकडं, मी पोराकडं बगत हुते.” न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, “मला आठवत नाही.”

दोन उत्तरं होती, कागदावर एक झालं. पोराकडं बगत हुते हे कुठेच आलं नाही. साक्ष कथनाच्या रूपात लिहायची पद्धत आहे, प्रश्न गळतात, उत्तरं जुळवली जातात, कामाचा बोजा प्रचंड असतो, हे सगळं मला माहीत आहे. शेवटी जबानी तिला वाचून दाखवली. ती मान हलवत राहिली आणि तिने अंगठा उठवला. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होते की हे पान उद्या अपिलात माझ्यासारख्या कुणाकडे आलं, तर ती कितीही जपून काम करणारी असली तरी काय लिहील? ‘डू नॉट रिमेंबर’. आणि ते अनुवाद म्हणून बरोबरच असेल.

आता मी हे काम थांबवलं आहे. नव्या मुली विचारायला येतात तेव्हा मी त्यांना वही दाखवते. पण त्यांच्याही आधीच्या लोकांना, जबानी लिहून घेणाऱ्या आणि सांगणाऱ्या सगळ्यांना, माझी एक विनंती आहे. साक्षीदार ‘ध्यानात नाही’ म्हणाला तर ‘ध्यानात नाही’ लिहा. ‘ध्यान नव्हतं’ म्हणाला तर ‘ध्यान नव्हतं’ लिहा.